काळजीची दोन क्रियापदे

माझ्या आईच्या सात वह्या माझ्याकडे आहेत. शंभर पानी, खाकी पुठ्ठ्याच्या, शाळकरी. पहिल्या वहीची शिवण दोनदा नव्याने घातलेली आहे, दुसऱ्यांदा काळ्या दोऱ्याने. प्रत्येक पानाच्या मधोमध एक उभी रेघ. पट्टी न लावता ओढलेली, त्यामुळे खाली उतरताना ती उजवीकडे झुकत जाते. रेघेच्या डाव्या बाजूला नाव आणि अडचण: शेजारच्या सुनेचे बाळंतपण, विहिरीचे पाणी, थोरल्या जावेचा मोतीबिंदू, मास्तरांची बदली. ही प्रार्थनेची वही आहे एवढे लहानपणी मला ठाऊक होते. आई पहाटे चुलीपुढे बसून ती उघडायची, ओठ हलायचे, आणि चहाचे आधण उकळेपर्यंत तिच्याशी कोणी बोलायचे नाही, असा घरातला नियम होता. उजव्या बाजूला देवाने काय उत्तर दिले ते लिहिलेले असणार, अशी माझी समजूत होती. आई गेल्यावर मी वह्या नीट वाचल्या. उजव्या बाजूला लिहिले होते: ‘दोन दिवस जाऊन स्वयंपाक केला.’ ‘पत्र लिहून दिले.’ ‘तालुक्याच्या दवाखान्यात सोबत गेले.’ ‘पन्नास रुपये दिले, परत मागायचे नाहीत.’

पहिली नोंद १९७२ची आहे. त्या दुष्काळाच्या आठवणी नगर जिल्ह्यातल्या कोरडवाहू गावांत अजून निघतात. विहिरींचे तळ उघडे पडले होते, जनावरे कवडीमोल विकली गेली होती आणि अर्धा गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होता. रेशनवर लाल मिलो मिळायची, मुलांना सुकडी. आई तेव्हा बावीस वर्षांची, कडेवर माझा भाऊ. त्या पानावर डावीकडे एकच शब्द आहे, ‘पाऊस’. आणि उजवीकडे: ‘शेजारणीचे मूल सांभाळले. ती खडीवर गेली.’

पाऊस पाडणे आईच्या हातात नव्हते. म्हणून पावसासाठी तिने प्रार्थना केली, आणि प्रार्थनेवरून उठून जे हातात होते ते केले. हे पुस्तक लिहायला घेतले तेव्हा माझ्यापुढे दुसरे काही नव्हते, फक्त ही दोन रकान्यांची वही होती.

काळजी हा शब्द आपण दिवसातून दहा वेळा वापरतो. ‘काळजी करू नकोस’ असे म्हणतो, आणि त्याच दमात, त्याच माणसाला, ‘काळजी घे’ असेही म्हणतो. शब्द एकच, त्यात काळीज ऐकू येते तेही एकच. बदलते ते फक्त क्रियापद. काळजी करणारा माणूस आणि काळजी घेणारा माणूस यांच्या काळजात धडधड सारखीच असते. पहिल्याची ती जागच्या जागी फिरत राहते, रात्री तीन वाजता छताकडे बघत. मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणतात ते अशा वेळी. दुसऱ्याची धडधड हातापायांत उतरते. ख्रिस्ती श्रद्धा चिंताग्रस्त माणसासाठी नेमके काय करते, असे मला कोणी विचारले तर मी म्हणेन की ती हे क्रियापद बदलायला मदत करते. काळजी काढून घेते असे मी म्हणणार नाही. माझ्या बाबतीत तसे झाले नाही, आणि पवित्र शास्त्रातल्या मोठमोठ्या माणसांच्या बाबतीतही ते झालेले दिसत नाही.

हे स्पष्ट सांगण्याला कारण आहे. आमच्या मंडळ्यांमध्ये घाबरलेल्या माणसाला फार सहज दोषी ठरवले जाते. एका प्रार्थनासभेत एका पाहुण्या वक्त्याने व्यासपीठावरून सांगितले होते की ज्याला रात्री झोप येत नाही त्याचा विश्वास कुठेतरी कमी पडतो आहे. माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या. तरुण मुलगा गमावून त्यांना वर्षही झाले नव्हते. त्यांनी पदर तोंडाशी घेतला आणि पुढचे कित्येक आठवडे त्या उपासनेला आल्या नाहीत. दुःख होतेच, त्यावर आता अपराधाचे ओझे चढले. वक्त्याचा हेतू वाईट नसेल. पण तो जे शास्त्र हातात घेऊन उभा होता, त्यातच त्याचे म्हणणे खोडून काढणारी कितीतरी पाने आहेत.

स्तोत्रसंहिता घ्या. दीडशे स्तोत्रांपैकी जवळजवळ एकतृतीयांश विलापाची आहेत. देवा, किती दिवस हे चालायचे, तू तोंड का फिरवलेस, अंथरूण माझ्या आसवांनी भिजले, अशी ही प्रार्थना आहे आणि ती उपासनेच्या पुस्तकात आहे, म्हणजे सर्वांनी मिळून गाण्यासाठी आहे. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटाकडे वळण घेतात, आशेचा, स्तुतीचा सूर लागतो. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र मात्र वळत नाही. ते अंधारात सुरू होते आणि अंधारातच संपते. ज्यांनी हा संग्रह बांधला त्यांना ते गाळता आले असते, निदान शेवटी एखादी दिलाशाची ओळ जोडता आली असती. त्यांनी तसे केले नाही, याबद्दल मी त्यांची फार ऋणी आहे. ज्या रात्री दुसरे काही वाचवत नाही, त्या रात्री ते एक स्तोत्र वाचता येते. तिथे आपण देवाशी बोलत असतो आणि खोटे बोलत नसतो.

एलीयाची गोष्ट शब्बाथ शाळेत शिकवताना आम्ही कर्मेल डोंगरावरचा अग्नी रंगवून सांगतो, मुलांना ते आवडते. त्याच्या पुढच्याच अध्यायात, पहिल्या राजांच्या एकोणिसाव्यात, हाच एलीया ईजबेल राणीच्या एका निरोपाने हादरून पळतो. रानात दिवसभर चालतो, रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. आता पुरे, असे म्हणून तिथेच झोपी जातो. पुढे काय होते ते सावकाश वाचण्यासारखे आहे. देवदूत येतो. तो उपदेश करत नाही. कर्मेलवर एवढा चमत्कार पाहूनही तू घाबरलास कसा, असे विचारत नाही. तो त्याला हात लावून उठवतो आणि खायला सांगतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे मडके असते. एलीया खातो, पितो, पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा हात लावतो, पुन्हा खायला सांगतो, कारण वाट लांबची आहे. देवाचा प्रश्न, देवाचे काम, देवाचा मंद स्वर, हे सगळे नंतर. आधी भाकर, पाणी, झोप आणि खांद्यावर हात. आणि डोंगरावर पोचल्यावर एलीया म्हणतो की मी एकटाच उरलो, तेव्हा देव त्याला सांगतो की तुझ्यासारखे सात हजार आहेत. चिंतेने पिचलेल्या माणसाला आपण एकटेच आहोत असे वाटतेच वाटते.

मी अनेक वर्षे शाळेत शिकवले. परीक्षेच्या भीतीने उलट्या करणारी मुले पाहिली, नोकरी गेलेले पालक पाहिले. सगळ्यांना आधी काय लागते, तर हेच. माझी आई हे शास्त्र न उघडता ओळखून होती. कोणाकडे मोठे संकट आले की मी हळवी होऊन बसायचे, प्रार्थना लांबवायचे. ती म्हणायची, “देवाला सांगून झालं ना? मग ऊठ. तिच्या घरी भाकरी टाकायला कुणी नाही.”

आणि गेथशेमाने. ख्रिस्ताच्या चरित्रातली ही रात्र आपण शुभ शुक्रवारच्या घाईत ओलांडून जातो. लूक लिहितो की येशूचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडत होता. तो मित्रांना जवळ राहायला, जागे राहायला विनवतो, आणि ते झोपतात. तो प्याला टळावा अशी मागणी करतो, पुन्हा पुन्हा करतो, आणि प्याला टळत नाही. पाखरे आणि रानफुले दाखवून चिंता करू नका असे शिकवणारा गुरू आणि बागेत घामाघूम होऊन जमिनीवर पडलेला माणूस एकच आहे. हे ज्याला एकदा उमगले, तो कोणाच्या भीतीला पाप म्हणायला धजणार नाही.

आता पौलाबद्दल थोडे सविस्तर, कारण या पुस्तकाचा गाभा त्याच्याकडून घेतला आहे.

फिलिप्पैकरांस पत्र त्याने कैदेतून लिहिले. त्या काळी कैद्याचे जेवणखाण बाहेरच्या मित्रांवर अवलंबून असे. फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीत नावाच्या माणसाबरोबर त्याला मदत पाठवली. हा एपफ्रदीत तिथे जाऊन इतका आजारी पडला की मरणाच्या दारातून परतला. त्याच्या आजाराची बातमी गावी पोचली, आणि आपल्यामुळे गावची माणसे काळजीत पडली याचीच त्याला काळजी लागून राहिली. पौल त्याला परत पाठवतो, म्हणजे त्यांना आनंद होईल आणि आपलेही दुःख हलके होईल. हा सगळा मजकूर दुसऱ्या अध्यायात आहे. चौथ्या अध्यायात तोच पौल लिहितो ते वाक्य तुम्हा-आम्हा सर्वांना पाठ आहे, कशाचीही चिंता न करता सगळे प्रार्थनेने देवाला कळवण्याचे. भिंतीवरच्या कॅलेंडरांवर ते वाक्य एकटे छापले जाते. दुसरा अध्याय त्याच्यासोबत छापला जात नाही.

मूळ ग्रीकमध्ये या दोन अध्यायांना जोडणारा एक धागा आहे. चौथ्या अध्यायात चिंता करू नका म्हणताना पौलाने जे क्रियापद वापरले आहे, तेच त्याने दुसऱ्या अध्यायात तीमथ्यासाठी वापरले आहे: तुमची मनापासून काळजी वाहील असा त्याच्यासारखा दुसरा कोणी माझ्याजवळ नाही. एकाच पत्रात, एकाच शब्दाने, एक गोष्ट सोडायला सांगितली आहे आणि दुसरीची वाखाणणी केली आहे. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात पौल आपल्या हालअपेष्टांची यादी देतो, फटके, गलबत फुटणे, उपासमार, आणि शेवटी लिहितो की याखेरीज रोजच्या रोज सर्व मंडळ्यांची काळजी माझ्यावर आहे. तिथेही त्याच कुळातला शब्द. म्हणजे ग्रीक भाषेलाही आपल्या मराठीसारखेच एका शब्दात दोन्ही अर्थ ठेवावे लागले. पेत्राच्या पहिल्या पत्रातही ही जोडी आहे, ग्रीक शब्द मात्र तिथे दोन आहेत. आपली सगळी चिंता देवावर टाकायची, आणि त्याचे कारण काय दिले आहे, तर काळजी घेणारा तो आहे. जी आपण करतो ती टाकायची, कारण तो जी घेतो ती खरी आहे. आणि त्याने घेतलेली काळजी आपल्यापर्यंत बहुतेक वेळा कोणाच्या तरी हातून येते, एपफ्रदीताच्या पिशवीतून येते तशी.

हे शब्द मराठीत आणण्यासाठी एका बाईने आयुष्याची शेवटची वर्षे खर्ची घातली. तिचा उल्लेख केल्याशिवाय या विषयावर मराठीत लिहिणे मला अपुरे वाटते.

पंडिता रमाबाईंना आपण विदुषी म्हणून, स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या म्हणून ओळखतो. मला त्या आधी दिसतात त्या सोळा वर्षांच्या, उपाशी. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणे सांगत कुटुंबासह तीर्थयात्रा करत फिरायचे. दक्षिणेतल्या दुष्काळात या घराकडचे होते नव्हते ते संपले. जंगलातली पाने आणि रानफळे खाऊन दिवस काढले. १८७४मध्ये वडील गेले, पाठोपाठ आई, मग थोरली बहीण. उरलेली दोघे बहीणभाऊ पायी देश तुडवत १८७८मध्ये कलकत्त्याला पोचली. १८८०मध्ये भाऊ श्रीनिवास गेला. १८८२मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेले, तेव्हा मुलगी मनोरमा वर्षाचीही झाली नव्हती. रमाबाई तेव्हा चोवीसच्याही आत होत्या.

१८८३मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या दिवसापासून त्यांचे मन शांत झाले असे सांगायला सोपे जाईल, पण ते खरे नाही. त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे की धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायचा होता. त्यानंतर सुमारे आठ वर्षे त्या आतून अस्वस्थच होत्या. या आठ वर्षांत त्यांनी अमेरिका पालथी घातली, पुस्तक लिहिले, १८८९मध्ये मुंबईत शारदा सदन काढले, ते पुण्याला नेले, टीकेचा मारा सोसला. बाहेरून इतके कर्तबगार आयुष्य आणि आत शांतता नाही. आजच्या कितीतरी वाचकांना यात आपला चेहरा दिसेल. मला रमाबाईंविषयी जो जिव्हाळा वाटतो, त्यात या आठ वर्षांचा वाटा मोठा आहे. त्यांनी ती लपवली नाहीत.

१८९६-९७मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई पुण्यात होत्या, हाताशी पैसा बेताचा होता, शहरात प्लेग शिरला होता. न जाण्याला कारणे भरपूर होती. त्या गेल्या. का गेल्या हे त्यांनी सांगितले आहे: आपली स्वतःची उपासमार आठवली म्हणून. वीस वर्षांपूर्वीची ती भीती मेलेली नव्हतीच. ती अंगात होती, आणि आता तिला वाट मिळाली. अनाथ मुली, विधवा, रस्त्याकडेला पडलेल्या बायका त्या घेऊन आल्या. प्लेगमुळे पुण्यात इतक्या जणींना ठेवता येईना, तेव्हा केडगावला आधी घेऊन ठेवलेल्या जमिनीवर त्यांची सोय केली. तेच मुक्ती. १९००च्या सुमारास गुजरातेतल्या दुष्काळातूनही मुली आल्या आणि तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. दोन हजार माणसांच्या रोजच्या जेवणाचा, कपड्यांचा, शिक्षणाचा भार एका बाईवर, जिला कमी ऐकू येई आणि जिच्यामागे कोणा संस्थानिकाचा खजिना नव्हता. उद्याचे धान्य कुठून येणार हा प्रश्न त्या रोज रात्री देवापुढे ठेवत आणि सकाळी उठून आजचे दळण, आजचे वर्ग, आजची आजारी मुलगी यांकडे वळत.

मराठी पवित्र शास्त्रातल्या प्रभूच्या प्रार्थनेत ‘भाकर’ हा शब्द आहे. ती मागायची, तीही आजची. आठवड्याची मागणी तिथे नाही. रानातल्या इस्राएली लोकांना मान्ना मिळायचा तोही रोजचा रोज, उद्यासाठी साठवला की त्याला किडे पडायचे. अपवाद फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवसाचा. मला हे फार काळ कठोर वाटायचे. देणाऱ्याला कोठार भरून द्यायला काय हरकत होती? अजूनही पूर्ण समजले आहे असे म्हणणार नाही. पण केडगावला जाऊन आल्यावर एवढे कळले की आजचा दिवस निभावण्याएवढेच बळ मागायचे ठरवले की माणूस दोन हजार पानेही मांडू शकतो.

रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या त्या याच काळात, उतारवयात. गावाकडच्या कमी शिकलेल्या बाईला समजेल असे मराठी पवित्र शास्त्र असावे म्हणून त्यांनी मूळ भाषांतून भाषांतर सुरू केले आणि पंधरा वर्षांहून अधिक काळ ते चालवले. खिळे जुळवणे, छपाई, सगळे मुक्तीतल्या बायका करत. जुलै १९२१मध्ये मनोरमा गेली. एकुलती एक लेक, संस्थेचा भार पुढे वाहणारी. रमाबाईंनी काम थांबवले नाही. ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या तेव्हा भाषांतर हातावेगळे झाले होते. १९२४मध्ये ते छापून निघाले. लेक गेल्यानंतरच्या त्या महिन्यांत त्या टेबलाशी बसून कोणत्या ओळी तपासत असतील, याचा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

आता माझ्याविषयी, थोडक्यात. एप्रिल २०२१. आदल्या वर्षीचा ईस्टर आम्ही बंद देवळाच्या दिशेने खिडकीतून हात जोडून केला होता, आणि वाटले होते की वाईट ते सरले. दुसऱ्या लाटेत माझे यजमान रुग्णालयात दाखल झाले. आत कोणाला सोडत नव्हते. मी बाहेरच्या फरशीवर रात्र काढत होते. फोनवर सतत वचने येत होती, मोठ्या प्रेमाने पाठवलेली, आणि मला एकही वाचवत नव्हते. प्रार्थनाही येत नव्हती. मी फक्त आकडे मोजत होते. ऑक्सिजन ८८, मग ८६, मग कोणीच काही सांगेना.

पहाटेच्या सुमाराला एक बाई शेजारी येऊन बसल्या. हातात रुग्णालयाचा फॉर्म. “ताई, एवढं भरून द्याल का? माझा चष्मा घरी राहिला.” चष्म्याची सबब होती, त्यांना लिहिता येत नसावे. मी त्यांच्या मुलाचे नाव लिहिले, वय लिहिले, आधीचे आजार विचारून लिहिले. सही कुठे करायची ते दाखवले, त्यांनी अंगठा उठवला. मग रक्तगटाचा कागद शोधायला दोन खिडक्या फिरलो. सगळे मिळून अर्धा तास गेला असेल. परत येऊन बसले तेव्हा लक्षात आले की हाताचा थरकाप थांबला आहे, आणि माझ्या तोंडून त्या मुलाचे नाव घेऊन प्रार्थना निघते आहे. स्वतःसाठी निघत नव्हती ती.

एकोणीस दिवसांनी माझे यजमान घरी आले. त्या बाईंचा मुलगा घरी गेला नाही.

म्हणूनच या पुस्तकात ‘माझी साक्ष’ नावाचे प्रकरण नाही. देवाने माझे ऐकले असे मी लिहिले, तर त्या बाईंच्या प्रार्थनेचे काय झाले हे मला सांगावे लागेल, आणि ते मला सांगता येणार नाही. आभार मी मानते, रोज मानते. पण त्या आभारांची पताका करून दुसऱ्याच्या दारावरून मिरवत न्यायची नाही, एवढे मी स्वतःपुरते ठरवले आहे.

मग आशा कशाची? ख्रिस्ती माणूस या प्रश्नाला पुनरुत्थानाशी येऊन थांबतो, आणि मीही तिथेच येते. मार्काने लिहिलेला तो प्रसंग मला सर्वांत जवळचा. आठवड्याच्या पहिल्या दिवशी, अगदी पहाटे, तीन बाया सुगंधी द्रव्ये घेऊन कबरेकडे निघाल्या आहेत. ज्याच्यावर सगळी भिस्त होती तो गेला आहे. आता करण्यासारखे एकच उरले आहे, देहाची नीट काळजी घ्यायची, आणि तेवढ्यासाठी त्या चालल्या आहेत. वाटेत त्यांना घोर आहे तो दगडाचा. एवढी मोठी धोंड तोंडावरून कोण लोटून देणार? उत्तर माहीत नाही, तरी पावले थांबलेली नाहीत. पोचतात तर धोंड लोटलेली असते. आणि ही सुवार्ता ऐकून त्या काय करतात, तर थरथर कापत पळतात, भीतीने कोणाला काही सांगत नाहीत. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत मार्काचे शुभवर्तमान इथेच थांबते. जगातली पहिली ईस्टरची सकाळ भेदरलेल्या बायकांची होती. भीती जायची वाट पाहत आशा खोळंबली नाही. ती आधीच येऊन, धोंड सरकवून बसली होती.

व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगते. सतत छाती धडधडणे, आठवडेच्या आठवडे झोप न लागणे, जेवण न जाणे, जगणेच नको वाटणे, असे होत असेल तर हे पुस्तक बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जावे. शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकला पौल प्रिय वैद्य म्हणतो, आणि तीमथ्याला तो पोटाच्या दुखण्यावर प्रार्थनेऐवजी घरगुती औषध सुचवतो. गोळी घेणे म्हणजे विश्वास सोडणे, असे कोणी सांगितले तर ऐकू नये. सरकारची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे, मराठीतही बोलता येते. घरातल्या कोणासाठी तुम्हाला हा फोन करावा लागला, तर ती त्या माणसाची घेतलेली काळजीच आहे.

दुसरी गोष्ट पुस्तक कसे वाचावे याची. यातली चाळीस मनने सलग वाचण्यासाठी नाहीत. रोज एक पुरे, आणि ज्या दिवशी तेही होणार नाही त्या दिवशी नुसता त्यातला शास्त्रभाग पाहावा. प्रत्येक मननानंतरचे पान मुद्दाम कोरे ठेवले आहे, मधोमध उभ्या रेघेचे. प्रकाशकांनी विचारले की एवढा कागद रिकामा कशाला. मी आईची वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती थोडा वेळ चाळली आणि पुढे काही विचारले नाही.

त्या वह्यांत एक नाव असे आहे की जे पुन्हा पुन्हा येते. आईचा धाकटा भाऊ, माझा मामा. मुंबईत गिरणीत होता. १९८२च्या संपात गिरणी बंद पडली, काही महिने पत्रे आली, मग ती थांबली. तिसऱ्या वहीत त्याच्या नावापुढे उजवीकडे लिहिले आहे: ‘चाळीत जाऊन विचारले. खोली दुसऱ्यांना दिली आहे.’ त्यानंतर वही भरली की नव्या वहीच्या पहिल्या पानावर, पहिल्या ओळीत, आई त्याचे नाव उतरवून घ्यायची. चौथी, पाचवी, सहावी, सातवी. उजवी बाजू कोरी. मी एकदा विचारले होते, “आई, आता लिहून काय उपयोग?” ती म्हणाली, “मला करण्यासारखं काही राहिलं नाही गं. म्हणून तर त्याला सांगायचं.”

या नाताळाच्या आधी मी आठवी वही आणली. रेघ ओढली, ती माझीही वाकडीच गेली. पहिल्या ओळीत मामाचे नाव लिहिले. त्याच्याखाली रुग्णालयाबाहेर भेटलेल्या त्या बाईंसाठी एक ओळ, आणि त्यांच्यासमोर, उजवीकडे, येत्या रविवारची तारीख. त्यांच्या गावाला जाणारी एसटी सकाळी सातला सुटते.